टेलिफोनचं प्रकरण

आईची कादंबरी बाहेर आली त्या वर्षी आमच्या घरी येणारी तिची सगळी पत्रं, लेखक म्हणजे बाबाच अशा समजुतीने लिहिलेली असत. पुस्तकावर नाव छापलं होतं प्र. वि. टिळेकर. प्रभा विनायक. पुण्याच्या प्रकाशकांनी पूर्ण नाव का दिलं नाही हे आईने कधी विचारलं नाही, आणि वाचकांनी परस्पर ठरवून टाकलं की असलं बोचरं, हसवता हसवता घशात घास अडकवणारं पुस्तक लिहिणारा माणूस पुरुषच असणार. बाबा ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी टपाल उघडत, उभ्याउभ्या 'श्रीयुत टिळेकर यांस सप्रेम नमस्कार' पासून मोठ्याने वाचत, आणि मग कागद आईच्या पुढ्यात ठेवून म्हणत, "घे, तुझा आणखी एक." आई पदराला हात पुसून पत्र घ्यायची, पण लगेच वाचायची नाही. आधी पोळ्या उरकायची. मला तेव्हा तिच्या या संयमाचं फार नवल वाटे. आता वाटतं, तिला त्या पत्रांची थोडी भीतीच वाटत असावी.

आम्ही दिल्लीत नेताजीनगरात सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, पुढे चिकाचा पडदा सोडलेला व्हरांडा, मागे सिमेंटचं अंगण आणि त्याच्या भिंतीपलीकडे दुसऱ्यांचं तसंच अंगण. पहाटे दुधाच्या बूथवर बाटल्यांच्या क्रेटचा खणखणाट व्हायचा, तोच आमचा गजर. मग कुणाच्या तरी रेडिओवरच्या हिंदी बातम्या, मग सगळ्या क्वार्टरांमधून एकामागून एक वाजणाऱ्या कुकरच्या शिट्ट्या, आणि नऊच्या सुमाराला सगळी वस्ती एकदम बसस्टॉपकडे वाहत गेली की दुपारभर फक्त कबाड्याची हाळी. हिवाळ्यात मात्र रविवारी अख्खी कॉलनी उन्हात येऊन पडायची. खाटा, स्वेटरची लोकर, मुळे, गाजरं, भुईमुगाच्या शेंगांची टरफलं. ज्वारीचं पीठ गावाहून येणाऱ्या कुणाच्या तरी ट्रंकेतून यायचं, म्हणून भाकरी फक्त रविवारी. बाबा भाकरीवर लसणीचा ठेचा आणि वर पंजाबी शेजाऱ्यांनी दिलेलं पांढरं लोणी घेऊन खायचे आणि दर रविवारी म्हणायचे की हे कॉम्बिनेशन पुण्यात कुणाला सुचणार नाही. माझं मराठी अशाच कॉम्बिनेशनचं होतं. मी 'अच्छा आई, चलो मी निघते' म्हणायचे, आणि आईच्या हस्तलिखितातले कितीतरी शब्द तिला विचारावे लागायचे.

हस्तलिखित मी उतरवून काढत होते, कारण आईचं अक्षर तिच्याशिवाय कुणाला लागत नसे. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आई एका केंद्रीय कार्यालयात अपर डिव्हिजन क्लार्क होती आणि लिहायची ती दुपारच्या सुट्टीत ऑफिससमोरच्या हिरवळीवर, नाहीतर रविवारी मागच्या अंगणात खाटेवर मांडी घालून. कादंबरीचं नाव 'नंबर येईल'. तिच्यातल्या कॉलनीत प्रत्येकजण कसला ना कसला नंबर लावून बसलेला आहे. गॅसचा, स्कूटरचा, फोनचा, मोठ्या क्वार्टरचा. माणसं नंबर जुळवून लग्नं ठरवतात, नंबर लागेपर्यंत भांडणं पुढे ढकलतात, आणि शेवटी स्मशानातही खिडकीवरचा माणूस टोकन देऊन बाकावर बसायला सांगतो. मी उतरवताना इतकी हसायचे की शाई सांडायची. आई स्वतः कधी हसायची नाही. ती विचारायची, "कुठे हसलीस? कुठल्या शब्दाला?" आणि मी बोट ठेवलं की तो शब्द नीट बघून घ्यायची, शिंपी उसवलेली शिवण बघतो तसा.

सगळ्यात जास्त मी हसले ते टेलिफोनच्या प्रकरणाला. आणि ते प्रकरण कुठून आलं हे मला, आईला आणि बाबांना पक्कं ठाऊक होतं.

भिंतीपलीकडचं अंगण रूथमावशीचं होतं. ती आणि तिचे यजमान शमुवेल सोनवणे मूळचे नगरचे. काका बाबांच्याच खात्यात होते. घरात चहा झाला की मावशी मधल्या भिंतीवर लाटण्याने दोनदा ठोकायची आणि आई हातातलं काम टाकून जायची. नाताळात त्यांच्याकडून ओल्या नारळाच्या करंज्या आणि शंकरपाळ्यांचा डबा यायचा, दिवाळीत आमचा डबा तिकडे जायचा, आणि कुणाची चकली कुरकुरीत यावरून दोघी वर्षभर एकमेकींना टोमणे मारायच्या. नगरला काकांची म्हातारी आई एकटी राहत होती. तिची ख्यालीखुशाली कळावी म्हणून काकांनी फोनसाठी अर्ज केला होता. नगरच्या पाद्रीसाहेबांच्या घरी फोन होता, इकडे एक आला की झालं. दर महिन्याला काका चौकशी करून यायचे आणि सांगायचे की नंबर येईल. आईच्या पुस्तकाचं नाव खरं तर त्यांचंच.

एका थंडीत, सकाळी दाढी करता करता, काका बेसिनपाशी कोसळले. हॉस्पिटलपर्यंत पोचलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी दफन होतं. पुढच्या खोलीत शवपेटी ठेवली होती, चर्चची मंडळी जमली होती, आणि नेमक्या त्या सकाळी खांद्यावर तारेचं भेंडोळं आणि बगलेत काळ्या फोनचा खोका घेऊन लाइनमन दारात उभा राहिला. नंबर आला होता.

आईने जे पाहिलं ते एवढंच. ती मावशीच्या लहानग्या सुधीरला आमच्याकडे आणायला आणि आल्यागेल्यांसाठी पिठलं-भात टाकायला निघाली होती. दारात चर्चमधले कुणी गृहस्थ लाइनमनला हळू आवाजात परत जायला सांगत होते, आणि तो हातातला कागद पुढे करून हटून बसला होता, "साइन तो करना पड़ेगा जी. आज ही करना पड़ेगा." आई त्याच्या अंगावरून निघून आली. घरी येऊन तिने डाळीचं पीठ कालवलं आणि सुधीरला मांडीवर घेतलं. म्हणाली, "माणूस मेलाय समोर, आणि याला सही हवी आहे." बाबा दफनभूमीच्या कागदपत्रांसाठी आधीच पुढे गेले होते. मी आईबरोबर भात, पिठलं, ताटं बघत होते. आम्हा तिघांपैकी कुणीच त्यानंतरचं पाहिलं नाही.

कादंबरीत ते प्रकरण असं आहे. फोनची वाट पाहता पाहता एक कारकून मरतो. दुसऱ्या दिवशी लाइनमन येतो. ज्याच्या नावाचा फोन त्याचीच सही पाहिजे, असा नियम तो सगळ्या नातेवाइकांना समजावून सांगतो. रडारड, वादावादी, नियमांचं वाचन. शेवटी तो खिशातून शाईचं पॅड काढतो, मृताचा अंगठा त्यावर दाबतो, कागदावर ठसा घेतो, आणि "बधाई हो" म्हणून मिठाईचे पैसे मागतो. आईने नावगाव बदललं होतं, धर्म बदलला होता, पेटीच्या जागी तिरडी आणली होती. तरी पुस्तक छापायला गेलं त्या आठवड्यात ती बाबांना म्हणाली होती की रूथला आधी वाचायला द्यायला हवं. बाबा म्हणाले होते की जरूर दे. पण ते दिवस मावशीचे फार वाईट होते. काकांच्या जागी तिला अनुकंपेवर नोकरी लागली होती, टायपिंग शिकत होती, रात्रीचे डोळे सुजलेले असायचे. आईचा धीर झाला नाही. पुस्तक आलं तेव्हा पहिली प्रत मात्र तिने मावशीलाच दिली. मावशीने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाटात बायबलशेजारी ठेवली आणि म्हणाली, "सावकाश वाचीन गं. माझं वाचन धिमं."

मग पत्रं येऊ लागली. नागपूरच्या एका प्राध्यापकांनी लिहिलं की आजच्या माणसाच्या वाट पाहण्याचं इतकं निर्दय चित्र त्यांनी पाहिलेलं नाही. एका गृहस्थांनी कळवलं की पुस्तक वाचताना त्यांच्या सौभाग्यवतींनी जेवण टाकलं, आणि त्याबद्दल लेखकाने त्यांची माफी मागावी. कुणीतरी विचारलं होतं की स्मशानातलं टोकन खरंच असतं का, कारण त्यांचे वडील आजारी आहेत. आई तो कागद कितीतरी वेळ हातात धरून बसली होती. कॉलनीत मराठी घरं थोडी, पण पुस्तक सगळ्यांकडे फिरलं आणि प्रत्येक घराने त्यात पलीकडच्या घराला ओळखलं. रस्त्यात भेटून बायका आईला म्हणायच्या, "काय मस्त पकडलंत हो त्यांना." आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात, प्रत्येक भेटीत टेलिफोनचं प्रकरण निघायचं. तो लाइनमन, तो अंगठा. किती खरं लिहिलंय, असं सगळे म्हणायचे.

एक वाचक मला विसरता येत नाही. छावणीतून एक हवालदार रविवारी सकाळी आले, साताऱ्याकडचे, इस्त्रीचा शर्ट, सोबत लाजरी बायको आणि पिशवीत गावची घुंगुरकाकवी. बाबांना बघून त्यांनी कडक नमस्कार केला. बाबांनी आईकडे बोट केलं तेव्हा ते थोडे गोंधळले, पण लगेच सावरले. चहा घेताना ते फार काही बोलले नाहीत. निघताना मात्र उंबऱ्यात थांबून म्हणाले, "बाई, एक इचारू का? आमच्या बराकीत समद्यांनी वाचलं तुमचं पुस्तक. मागल्या कव्हरावर लिवलंय की लई इनोदी हाय. आमाला समजंना, हसायचं कुठशी. समदं असंच तर असतंय." आईने त्यांच्या बायकोला हळदीकुंकू लावलं, ओटीत गाजरं घातली आणि ती दोघं बसस्टॉपकडे वळेपर्यंत व्हरांड्यात उभी राहिली. त्या दिवशी भाकऱ्या करपल्या.

मावशीने अजून काही म्हटलं नव्हतं. भिंतीवर लाटणं वाजत होतं, चहा होत होता, पुस्तकाचं नाव दोघींमध्ये निघत नव्हतं. आई रोज तिकडे जायची आणि रोज परत आल्यावर बाबा नुसते तिच्याकडे पाहायचे. ती मान हलवायची.

हिवाळा सरत आला तेव्हा पहाडगंजातल्या मराठी शाळेच्या हॉलमध्ये आईचा कार्यक्रम ठरला. दिल्लीतल्या मराठी लोकांनी दिल्लीतल्या लेखकाला ऐकायचं, चहा-चिवडा, आणि लेखकाने टेलिफोनचं प्रकरण वाचावं असा आग्रह. आईने दुसरं प्रकरण सुचवून पाहिलं. संयोजक म्हणाले, लोक त्यासाठीच तर येतायत. आदल्या दिवशी संध्याकाळी भिंतीवर ठोकलं गेलं आणि मावशी म्हणाली, "मीही येणार उद्या. ती निळी साडी नेसून." आई परत आली आणि तिने बाबांना विचारलं की आता काय करू. बाबा अकाउंट्सचे माणूस. विचार करून म्हणाले, "तिने वाचलंय की नाही, ते तुला माहीत नाही. आजारी आहेस म्हणून कळवू शकतेस. पण मग ती विचारेल, काय झालं, आणि तेव्हा काय सांगशील?"

आम्ही चौघं बसने गेलो. स्टेशनच्या बाजूने चालत जाताना मावशी हॉटेलांच्या पाट्या वाचत होती, सुधीरसाठी घाऊक दुकानातून पेन्सिली घेऊ या का विचारत होती. हॉल भरला होता. अध्यक्षांनी 'श्री. टिळेकर' म्हणून सुरुवात केली, आई उठून उभी राहिली, एक हशा झाला आणि सगळे सैलावले. मावशी तिसऱ्या रांगेत माझ्याशेजारी बसली होती, मांडीवर पर्स, तिच्यावर दोन्ही हात.

आई वाचायला लागली. तिचा आवाज कोरडा होता, आणि त्या कोरडेपणानेच लोक जास्त हसत होते. कारकून फोनची चौकशी करायला जातो तो भाग आला. तिथला माणूस त्याला सांगतो की तुमच्या पुढे फक्त तुम्हीच आहात, कारण तुमचा अर्ज चुकून दोनदा नोंदवलाय. आणि माझ्या शेजारून हसू ऐकू आलं. मावशी हसत होती. तोंडावर रुमाल नाही, काही नाही, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, खांदे हलवून. ती माझ्या कानाशी म्हणाली, "अगदी हेच झालं होतं गं. शमुवेल घरी येऊन सांगत होते." मी आईकडे पाहिलं. तिनेही ते हसू ऐकलं होतं. तिचा आवाज मोकळा झाला, ती जरा जोरात वाचू लागली. मला वाटलं, निभावलं.

मग लाइनमन आला. तो नियम समजावू लागला तसा हॉल गदगदू लागला. त्याने शाईचं पॅड काढलं तेव्हा मागच्या रांगेत कुणी तरी मांडीवर थाप मारली. मावशीचं हसू थांबलं होतं. ती रागावलेली नव्हती. आगगाडीत कुणी चुकीच्या स्टेशनाचं नाव सांगितलं की आपण त्याच्याकडे बघतो, तशी ती आईकडे बघत होती. टाळ्या झाल्या. तिनेही वाजवल्या. चिवडा खाल्ला. परतीच्या बसमध्ये दोघींना एकाच बाकावर जागा मिळाली, पण या खेपेला मावशीने एकही पाटी वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर ठोकलं गेलं नाही. मावशी स्वतःच आली, मागच्या दाराने. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. मी उठायला लागले तर म्हणाली, "बस नलू. तूच लिहून काढलंस ना ते?" मग ती पाटावर बसली आणि आईला म्हणाली, "मी ते पुस्तक दिलंस त्याच आठवड्यात वाचलं होतं. दोनदा."

आई ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "मला तुला आधी विचारायला हवं होतं."

"हवं होतं," मावशी म्हणाली. "पण मी त्यासाठी आले नाही. शमुवेलवर लोक हसले त्याचं मला काही वाटलं नाही. ते स्वतः हसायचे त्या नंबरावर. मला वाटलं होतं, पुस्तकात आहे ते पुस्तकात, आपण गप्प राहावं. काल एवढी माणसं त्या लाइनमनला हसली ना, तेव्हा ते मला सहन होईना. तो तसा नव्हता, प्रभा. तू अर्धंच पाहिलंस."

आणि तिने उरलेलं अर्धं सांगितलं. तो हटून बसला होता कारण ऑर्डर त्या दिवशी परत गेली असती तर नंबर पुन्हा तळाला गेला असता, आणि ज्याच्या नावाचा अर्ज तो वारल्याचं कळल्यावर रद्दच झाला असता. दारातल्या माणसाला हे मोठ्याने सांगता येत नव्हतं म्हणून तो नुसतं सही सही करत होता. शेवटी मावशीच उठून बाहेर आली. तिला त्याने बाजूला घेऊन सगळं समजावलं. म्हणाला, "बहनजी, काग़ज़ पर आज का दिन साहब को ज़िंदा रहने दीजिए." तिने काकांच्या नावाची सही केली. मग त्याने बूट बाहेर काढले, त्या थंडीत अनवाणी, आणि पुढच्या खोलीतून जायला नको म्हणून मागून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून तार आत घेतली. फोन लावून झाल्यावर विचारलं, कुणाला कळवायचं राहिलंय का. नगरला तार गेली होती, पोचली की नाही ठाऊक नव्हतं. त्याने एक्स्चेंजमधल्या आपल्या माणसाला सांगून ट्रंक कॉल लावून घेतला. पाद्रीसाहेबांनी माणूस धाडून काकांच्या आईला घरी आणवलं. मावशीने रिसीव्हर कानाला लावला, "आई" एवढंच म्हणाली आणि पुढे शब्द फुटेना. तेवढ्यात पुढच्या खोलीत गीत सुरू झालं. लाइनमनने तिच्या हातातून रिसीव्हर हलकेच काढून घेतला, फोन उचलला, आपल्या भेंडोळ्यातली तार जोडून तो पुढच्या खोलीत नेला आणि रिसीव्हर पेटीच्या कडेवर ठेवला. नगरला काकांच्या आईने गीत ऐकलं, प्रार्थना ऐकली. मुलाच्या मातीला ती तेवढीच येऊ शकली.

मेथीची जुडी माझ्या हातात तशीच होती. आई ओट्यापासून सरकत खाली बसली, मावशीच्या समोर, जमिनीवर. म्हणाली, "मी बदलते. दुसरी आवृत्ती निघणार आहे. मी हे सगळं..."

"नाही," मावशी म्हणाली. "हे तू लिहायचं नाहीस. तो माणूस अजून नोकरीत आहे. ती सही बाहेर आली तर त्याची नोकरी जाईल." आणि जराशा वेळाने म्हणाली, "आणि ते माझं आहे. तुला माहीत असावं म्हणून सांगितलं. लोकांना नको."

आईने लिहिलं नाही. दुसरी आवृत्ती निघताना तिने अंगठ्याचा प्रसंग काढून टाकावा म्हणून प्रकाशकांना कळवलं. ते म्हणाले, पुस्तक त्याच्यावर उभं आहे, आणि कारण काय? कारण आईला सांगता येत नव्हतं. तो प्रसंग राहिला. मग तिने एक वेगळंच सुरू केलं. ज्या ज्या वाचकाने टेलिफोनच्या प्रकरणाची तारीफ केली त्याला ती पोस्टकार्डावर उत्तर पाठवू लागली: आभार, परंतु लाइनमनचा प्रसंग सर्वस्वी माझ्या कल्पनेतला असून वास्तवात माणसं तशी नसतात. ती कार्डं मीच टाकायला जायचे. लोकांना ते आवडलं नाही. एकाने उलट लिहिलं की आपण स्वतःच आपल्या पुस्तकाचं पाणी करत आहात. त्या नागपूरच्या प्राध्यापकांनी तर एका मासिकात लेख लिहून म्हटलं की लेखिकेला, आता त्यांना ती बाई आहे हे कळलं होतं, आपल्याच धारेची भीती वाटली. बाबांनी तो लेख उभ्याउभ्या वाचला आणि या खेपेला आईच्या पुढ्यात ठेवला नाही, घडी करून खिशात घातला. आईने हात पुढे केला. तिने तो वाचला आणि म्हणाली, "त्यांचंही बरोबर आहे. त्यांना जेवढं दिसलं तेवढं त्यांनी लिहिलं."

तिने दुसरी कादंबरी लिहिली नाही. लोक मला विचारतात, मावशीमुळे का? मी नाही म्हणून सांगते, पण मला खात्री नाही. एवढं पाहिलंय की पुढे कुणाचंही काही सांगताना, अगदी ऑफिसातली साधी गंमत सांगताना, ती मध्येच थांबायची आणि म्हणायची, "म्हणजे मला दिसलं ते असं." बाबा थट्टा करायचे की ही आता सरकारी फायलीतल्या नोटिंगच्या भाषेत बोलते. भिंतीवरचं लाटणं मात्र क्वार्टर सुटेपर्यंत वाजत राहिलं.

आई गेली तेव्हा आम्ही दिल्लीतच, द्वारका भागात राहायला आलो होतो. बाबा त्याआधीच गेले होते. मावशी सुधीरकडे गाझियाबादला होती, गुडघ्यांनी अधू झालेली, तरी दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून आली. डब्यात पिठलं आणि भात घेऊन आली. घरात माणसं भरली होती, जुन्या कॉलनीतली, मराठी मंडळातली, एकदोन वाचकही. कुणीतरी पुस्तकाचा विषय काढला, आणि टेलिफोनचं प्रकरण निघालंच. काय लिहिलं होतं हो बाईंनी, तो अंगठा घेणारा लाइनमन, असला हलकट माणूस फक्त दिल्लीतच.

मावशी खुर्चीत बसली होती. तिने काठी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "त्याचं नाव मला ठाऊक नाही. रिटायर होऊन गेला असेल, कदाचित देवाघरीही. आता सांगायला हरकत नाही." आणि तिने सगळ्यांना सांगितलं, जसं त्या दिवशी आम्हाला सांगितलं होतं, त्याच क्रमाने. सही, खिडकी, नगर, गीत. आलेल्या वाचकांपैकी एकजण म्हणाला, "मग बाईंनी हे का नाही लिहिलं? हे तर त्याहून..."

"मी नको म्हटलं होतं," मावशी म्हणाली. "तिने ऐकलं. ती हलक्या मनाने खोटं लिहिणारी बाई नव्हती, हे तुम्हाला कळावं म्हणून आज सांगतेय."

मग ती माझ्याकडे वळली. "एक मात्र मी तिलाही सांगितलं नव्हतं, नलू. त्या दिवशी घरात एवढं रडणं झालेलं, मला ते सांगायची लाज वाटली. फोन लावल्यावर त्याला एक्स्चेंजला बोलून लाइन तपासायची होती. तर त्याने काय करावं? फोन घेऊन तो माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटात डोकं घालून बसला, पिठाच्या डब्यांमध्ये, आणि अगदी हळू आवाजात हॅलो हॅलो करायला लागला. तिकडची बाई ओरडतेय, जोर से बोलिए, सुनाई नहीं देता. मला इकडे उभं राहून ऐकू येतंय. आणि हा आत तोंड घालून तिला सांगतोय, जोर से नहीं बोल सकता मैडम, साहब सो रहे हैं."

कुणीतरी हसलं. मला वाटतं मीच. मावशीने माझा हात धरला होता आणि तीही हसत होती, तशीच, खांदे हलवून, आणि मग सगळी खोली हसायला लागली, आईच्या फोटोसमोर, समई जळत असताना, डोळे पुसत. जिन्यावरून कुणी नवं माणूस भेटायला वर येत होतं. ते दारातच थबकलं, चपला काढू की नको अशा विचारात.